राखण कोणी करायची?

(मुंबईत नायगाव, दादर पूर्व येथे, कापूस-ज्वारीच्या गावांतून आलेल्या पालकांच्या आणि कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेले भाषण. जिल्हा बैठकांमध्ये वाचून दाखवता यावे म्हणून येथे छापत आहोत.)



नायगाव आपल्याला परके नाही. आपल्या बापजाद्यांनी वेचलेला कापूस जिनिंगला गेला, त्याच्या गाठी झाल्या आणि त्या गाठी मुंबईच्या गिरण्यांत आल्या. इथली स्प्रिंग मिल त्यातलीच एक. आज मिल नाही, तिच्या जागेवर आकाशाला टेकलेल्या इमारती आहेत. कापूस यायचा थांबला, पण आपली पोरे येत राहिली. पोलीस भरती निघाली की नायगावच्या पोलीस मैदानावर धावायला कापूसपट्ट्यातली पोरे येतात आणि आदल्या रात्री फुटपाथवर झोपतात. तुमच्यातले बरेच जण पोराच्या किंवा पोरीच्या सोबतीला म्हणूनच इथवर आला आहात, आणि त्या प्रत्येक पोराच्या खिशात मोबाइल आहे. आज बोलायचे आहे ते त्या मोबाइलविषयी.

मला ठाऊक आहे, काही जण मनात म्हणत असतील, 'कापसाला भाव नाही, ज्वारीला कोणी विचारत नाही, आणि हे भाऊ मोबाइलचे काय घेऊन बसले?' मलाही आधी तसेच वाटत होते. मी शेतकी पदवी घेतलेला माणूस. बोंडअळीवर विचारा, दोन तास बोलेन. पण एका गावात बोंडअळीचीच बैठक आटोपून निघालो असताना एक बाई वाटेत थांबली. म्हणाली, "भाऊ, तुम्ही शिकलेले. एक विचारू का?"

तिची मुलगी नववीत. वय १४. कोरोनाच्या काळात शाळा मोबाइलवर भरायची म्हणून घरात उसनवारी करून फोन घेतलेला. पोळ्याला नवा ड्रेस घातला म्हणून पोरीने आपला एक फोटो टाकला. त्या फोटोतला चेहरा कोणीतरी उचलला, नको त्या चित्रावर चिकटवला, तिच्याच नावाने खोटे खाते उघडले आणि तिला निरोप धाडला, 'आणखी फोटो पाठव, नाहीतर हे सगळ्या गावाला दाखवतो.' पंधरा दिवस पोर कोणाशी बोलली नाही. जेवण तुटले. शेवटी मावसबहिणीकडून घरात कळले. बापाने काय केले? फोन दगडावर आपटून फोडला. पोरीची शाळा बंद केली. स्थळे बघायला सुरुवात केली. आई हिंमत करून तक्रार द्यायला गेली, तर समोरच्या अंमलदाराने ऐकवले, "पोरीने फोटो टाकलाच कशाला?"

आता हिशोब मांडा. धमकी कोणी दिली? कोणी अज्ञात माणसाने. खोटे खाते कोणाच्या जागेवर उघडले? एका मोठ्या कंपनीच्या. आणि शाळा कोणाची बंद झाली? त्या पोरीची. बाप दुष्ट नव्हता. घाबरला होता. त्याच्या हातात तेवढेच होते, म्हणून त्याने तेवढेच केले. पण फोन फोडला तेव्हा पुरावाही फुटला, आणि धमकी देणारा मोकळा राहिला.

त्या बाईचा प्रश्न साधा होता. "भाऊ, चूक कोणाची? लक्ष कोणी ठेवायचे होते?" मला तेव्हा नीट उत्तर देता आले नाही. नंतर वाचले, वकिलांना विचारले, शिक्षकांशी बोललो. ते उत्तर आज मांडतो.

ज्वारी निसवली की पाखरे येतात. आपण माळा बांधतो, गोफण घेतो, घरातली माणसे पाळीपाळीने राखणीला बसतात. पाखरांनी कणसे खाल्ली म्हणून ज्वारीला कोणी बडवत नाही. राखण कोणाची होती, तो कुठे गेला होता, असे विचारतो. पोरांच्या बाबतीतही हाच प्रश्न विचारायचा आहे. आणि ज्याच्या हातात थांबवण्याची ताकद जास्त, त्याची राखण पहिली, असे माझे म्हणणे आहे.

हा प्रश्न मुंबईला नवा नाही. दीडशे वर्षांपूर्वी मुंबईच्या कापड गिरण्यांत लहान पोरे राबत. यंत्राच्या पट्ट्यांत हात जायचे. तेव्हाही युक्तिवाद हाच होता की आईबापच पोरांना धाडतात, गरिबी आहे, मालक काय करणार? तरीही १८८१ साली पहिला फॅक्टरी कायदा झाला. ७ वर्षांखालच्या मुलाला कामावर घ्यायचे नाही. ७ ते १२ वर्षांच्या मुलाकडून दिवसाला ९ तासांपेक्षा जास्त काम घ्यायचे नाही. धोक्याच्या यंत्रांना कुंपण घालायचे. कायदा तोकडाच होता. १०० पेक्षा कमी कामगारांच्या कारखान्यांना तो लागूही नव्हता. त्यामागे मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांचा स्वार्थ होता, हेही खरे. मुंबईचे कापड महाग व्हावे असे त्यांना वाटत होते. पण एक गोष्ट त्या कायद्याने कायमची ठरवली. यंत्राला कुंपण घालण्याची जबाबदारी यंत्राच्या मालकाची. पोराने हात सांभाळावा, आईने पदर धरून बसावे, असे कायद्याने म्हटले नाही.

आणि तो तोकडा कायदा तिथेच थांबला नाही. नारायण मेघाजी लोखंडे या सत्यशोधक कार्यकर्त्याने १८८४ साली गिरणी कामगारांना एकत्र आणले, सभा घेतल्या, अर्ज केले, आणि १८९० साली रविवारची सुट्टी मिळवली. १८९१ साली कायदा सुधारला, कामाला घेण्याचे किमान वय ९ झाले, मुलांचे तास ७ वर आले. कायदा आपणहून सुधारत नाही, त्यामागे माणसे लागतात. चळवळीतल्या माणसाला हे वेगळे सांगायला नको.

आता इंटरनेटकडे या. २००१ साली मुंबईत गल्लोगल्ली सायबर कॅफे निघाले होते. लाकडी खोपटी, पुढे पडदा, तासाला पैसे. पोरे पडद्याआड नको ते बघतात, अशी तक्रार मुंबई उच्च न्यायालयापुढे गेली. न्यायालयाने समिती नेमली आणि समितीने जानेवारी २००२ मध्ये अहवाल दिला. त्यातली एक शिफारस मला फार शहाणपणाची वाटते. अल्पवयीन मुलांना आडोशाच्या जागी बसवू नका, चारचौघांना दिसेल अशा उघड्या जागेतल्या संगणकावरच बसवा. म्हणजे मुलाला हाकलायचे नाही, पण जागा अशी ठेवायची की नजर राहील. आणि ही जागा नीट ठेवायचे काम कोणाचे? कॅफेवाल्याचे. दुकान त्याचे, भाडे तो घेतो, तर बैठक त्याने नीट मांडावी.

पुढे तो कॅफे पोराच्या खिशात गेला. खोपटी गेली, पडदा गेला, पण कॅफेवाला गेलेला नाही. तो समुद्रापलीकडे बसला आहे आणि पूर्वीपेक्षा हजारपट मोठा झाला आहे, एवढाच फरक.

पहिला मोठा धक्का मुंबईला ऑगस्ट २००७ मध्ये बसला. अंधेरीचा १६ वर्षांचा मुलगा ऑर्कुट या संकेतस्थळावरच्या ओळखीतून घराबाहेर पडला. त्याचे अपहरण झाले, खंडणी मागितली गेली, आणि दोन दिवसांत नवी मुंबईत त्याचा मृतदेह सापडला. खटला उभा राहिला. २०१२ साली सत्र न्यायालयाने आरोपींना निर्दोष सोडले. एका आईबापाचे पोर गेले आणि कोणालाच जबाबदार धरता आले नाही. ऑर्कुटही २०१४ साली बंद झाले. त्याच्या जागी फेसबुक, इन्स्टाग्राम, स्नॅपचॅट आले. दुकानाची पाटी बदलली, गल्ला चालूच राहिला.

हा धंदा कसा चालतो, हे शेतकऱ्याने समजून घेतले पाहिजे. आपल्याला वाटते हे फुकट आहे. बाजारात फुकट काही नसते. तुमचे पोर जितका वेळ पडद्याला चिकटून राहील तितक्या जाहिराती दाखवता येतात, आणि पैसा जाहिरातीचा. म्हणून एक चित्रफीत संपली की दुसरी आपोआप सुरू होते. काय पाहिल्यावर बोट थांबते याची नोंद होते आणि तसलेच आणखी पुढे येते. ओळख नसलेली माणसेही 'तुम्ही यांना ओळखत असाल' म्हणून समोर आणली जातात.

कामगंध सापळा तुम्ही सगळ्यांनी लावला आहे. मादी पतंगाचा गंध कुपीत भरायचा, नर पतंग धावत येतो. खोट्या खात्याचे तंत्र तेच. गोड बोलणारी 'मैत्रीण', भरतीची आतली माहिती देणारा 'सर', नोकरी लावून देणारी 'मॅडम'. चौदा वर्षांचे पोर त्या गंधाला भुलले तर त्याला मूर्ख म्हणू नका. चाळिशीतली माणसे भुलतात.

आणि कंपन्यांना हे माहीत नाही, असे समजू नका. २०२१ साली फेसबुकच्याच एका माजी कर्मचारी बाईने कंपनीची आतली कागदपत्रे बाहेर काढली. कंपनीच्या स्वतःच्या पाहणीत दिसले होते की आपल्या शरीराविषयी आधीच वाईट वाटणाऱ्या किशोरवयीन मुलींपैकी १०० मागे ३२ जणींना इन्स्टाग्राममुळे आणखी वाईट वाटते. पाहणी झाली, कागद तयार झाला, आणि कपाटात गेला.

आपल्याला हे ऐकून काही आठवते का? २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर मेले. तेव्हा काय ऐकू आले? 'मास्क का घातला नाही? हातमोजे का घातले नाहीत? डब्यावर लिहिले होते ते वाचले का नाही?' एक शेतीतज्ज्ञ म्हणून सांगतो, काळजी घेतलीच पाहिजे, मी स्वतः गावोगाव तेच शिकवतो. पण भर उन्हात, माणसाच्या उंचीच्या कपाशीत फवारणाऱ्या मजुरावर सगळा दोष टाकून विष बनवणारा, विकणारा आणि परवाना देणारा असे तिघेही सुटतात, तेव्हा तो न्याय नसतो. निदान विषाच्या डब्यावर लाल, पिवळा, निळा, हिरवा त्रिकोण तरी असतो. पोरांच्या हातातल्या या मालावर कोणता त्रिकोण आहे?

एक जुजबी अट आहे. बहुतेक संकेतस्थळे म्हणतात की १३ वर्षांखाली खाते उघडू नये. हा १३ चा आकडा अमेरिकेतल्या १९९८ च्या कायद्यातून आला. पण वय तपासते कोण? पोर स्वतः जन्मसाल टाकते. साल मागे नेले की दार उघडते. बाजार समितीत 'माझा कापूस एक नंबरचा' असे आपण सांगितले तर ग्रेडर मान्य करतो का? हात घालून बघतो, ओलावा मोजतो. इथे मात्र पोराच्या शब्दावर विश्वास, कारण तो विश्वास फायद्याचा आहे.

आता कायद्याचे बघू. नोव्हेंबर २००४ मध्ये दिल्लीतल्या शाळकरी मुलांची एक चित्रफीत बाझी या खरेदी-विक्रीच्या संकेतस्थळावर विकायला लागली. संकेतस्थळाच्या प्रमुखाला अटक झाली आणि मोठा गहजब झाला. 'माल आमचा नाही, आम्ही फक्त मधले' अशी कंपन्यांची बाजू होती. २००८ साली माहिती तंत्रज्ञान कायदा सुधारला आणि या मधल्यांना संरक्षण मिळाले, अटी घालून. आपल्या भाषेत सांगायचे तर हा अडत्या आहे. माल शेतकऱ्याचा, घेणारा व्यापारी, मी फक्त मध्ये, असे अडत्या म्हणतो. पण अडत घेतो ना? मग काटा नीट आहे की नाही हे त्याने बघायचे नाही तर कोणी? अडत्याला प्रत्येक पोत्यातल्या प्रत्येक दाण्याचा दोष देऊ नये, हे मला मान्य आहे. पण काट्यात खोट आहे असे दहा जणांनी सांगितल्यावर जो गप्प बसतो, तो मधला राहत नाही, भागीदार होतो.

त्याच सुधारणेने कलम ६७-ब आले. मुलांचे अश्लील चित्रण तयार करणे, पसरवणे, साठवणे हा गुन्हा. पहिल्या वेळी ५ वर्षांपर्यंत कैद आणि १० लाखांपर्यंत दंड. २०१२ साली पोक्सो कायदा आला. त्यात १८ वर्षांखालच्या मुलामुलींचा मोबाइलवरून वाईट हेतूने सतत पिच्छा पुरवणे हाही गुन्हा आहे. २०१९ च्या सुधारणेने आणखी एक गोष्ट स्पष्ट केली. खऱ्या मुलाचा चेहरा जोडून बनवलेले खोटे चित्रही मुलांचे अश्लील चित्रणच धरले जाते. म्हणजे त्या पोरीच्या बाबतीत 'फोटो तर खोटा आहे, गुन्हा कसला?' असे म्हणायला जागा नाही. २०२१ च्या नियमांनी कंपन्यांना तक्रार अधिकारी नेमायला लावले आणि नग्न किंवा असे बनावट चित्र तक्रार मिळाल्यापासून २४ तासांत काढायची अट घातली. आणि २०२४ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की मुलांचे असले चित्रण नुसते बाळगणेही गुन्हा ठरू शकते. गावच्या ग्रुपवर 'गंमत' म्हणून पुढे ढकलणाऱ्यांनी हे कान उघडे ठेवून ऐकावे.

२०२३ साली वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा झाला. १८ वर्षांखालच्या मुलाची माहिती वापरायला आईबापांची पडताळलेली संमती लागेल, मुलांवर पाळत ठेवून त्यांना नेमून जाहिराती दाखवायच्या नाहीत, आणि मुलांविषयीच्या तरतुदी मोडल्या तर २०० कोटी रुपयांपर्यंत दंड. नियम निघाले नोव्हेंबर २०२५ मध्ये आणि त्यात कंपन्यांना तयारीसाठी १८ महिन्यांची मुदत दिली गेली. कायद्याची दिशा बरी आहे. पण त्यातली एक गोम सांगतो. आईबापांची संमती म्हणजे काय? आपल्या घरात फोन एक, तो बापाच्या नावावर, आणि चालवता येतो फक्त पोराला. 'होय' वर बोट ठेवणारे पोरच असते. उद्या काही घडले की कंपनी म्हणेल, 'आमच्याकडे बापाची संमती आहे.' कर्जाच्या कोऱ्या कागदावर अंगठा घेणारे सावकार आपण पाहिले आहेत. संमतीच्या नावाने जबाबदारी पुन्हा आपल्या अंगावर येऊ नये, यासाठी जागे राहिले पाहिजे.

ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालच्या मुलांना या संकेतस्थळांवर खाते ठेवायला मनाई केली आहे. संपूर्ण मनाई मला पटत नाही. पण त्या कायद्यातली एक गोष्ट मनापासून पटते. दंड पोराला नाही, आईबापाला नाही. कंपनीने पुरेशी पावले उचलली नाहीत तर कंपनीला, आणि तोही ४ कोटी ९५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत. जबाबदारीची पाटी योग्य दारावर लावली.

मनाई का पटत नाही, तेही सांगतो. बंदीची चव शेतकऱ्याने चाखली आहे. कांद्याची निर्यातबंदी, साखरेची निर्यातबंदी. सरकारला काही सुचले नाही की बंदी, आणि भुर्दंड नेहमी दुबळ्याला. २९ जून २०२० ला टिकटॉक बंद झाले. पोरे मोबाइल ठेवून अभ्यासाला बसली का? जुलैत इन्स्टाग्रामने रील्स सुरू केले, पोरे तिकडे गेली. घरातल्या बंदीचेही तेच. बंदी येते ती मुलीवर, मुलगा मोकळाच. आणि ज्या पोरीला ठाऊक असते की सांगितले तर फोन जाईल, शाळा जाईल, ती सांगत नाही. धमकी देणाऱ्याचे सगळे बळ तिच्या त्या गप्प बसण्यात असते. आपण फोन हिसकावतो तेव्हा त्याचेच हात बळकट करतो.

मग गावाने काहीच करायचे नाही का? करायचे आहे. सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. तिथे २०२२ पासून संध्याकाळी ७ वाजता भोंगा वाजू लागला. दीड तास टीव्ही बंद, मोबाइल बंद, थोरांचेही. पोरे अभ्यासाला. मोठी माणसे स्वतः फोन खाली ठेवतात म्हणून त्याला किंमत आहे. त्याच वर्षी नोव्हेंबरात यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसद तालुक्यात बान्सी गावाने १८ वर्षांखालच्यांना मोबाइलबंदीचा ठराव केला. त्या गावाची कळकळ खरी होती, मी तिला नावे ठेवणार नाही. पण दोन्हींत निवडायचे असेल तर मी भोंग्याच्या बाजूने उभा राहीन. पहिल्यात सगळे गाव मिळून राखण करते, दुसऱ्यात ओझे एकट्या पोरांवर येते.

'असर' या पाहणीचे २०२४ चे आकडे ऐका. देशभरच्या ग्रामीण भागातली १४ ते १६ वर्षांची मुले. १०० पैकी ८२ जणांना स्मार्टफोन वापरता येतो. आधीच्या आठवड्यात अभ्यासासाठी वापरला ५७ जणांनी, समाजमाध्यमांसाठी ७६ जणांनी. आणि समाजमाध्यम वापरणाऱ्यांपैकी त्रास देणाऱ्या खात्याला अडवायचे किंवा त्याची तक्रार करायची कशी, हे ठाऊक होते १०० मागे ६२ जणांना. राहिलेली ३८ पोरे गोफणीशिवाय माळ्यावर बसली आहेत. हे काम गावात होऊ शकते, त्याला दिल्लीची परवानगी लागत नाही.

म्हणून प्रत्येक जिल्हा बैठकीत पुढची कामे ठरवून घ्या.

पहिले काम घरातले. पोराला, आणि पोरीला आधी, स्वच्छ शब्दांत सांगा, 'काहीही झाले तरी मला सांग. मी फोन काढून घेणार नाही आणि शाळा बंद करणार नाही.' हे बापाने बोलायचे आहे. आई बहुधा बोललेलीच असते. आणि रात्री सगळ्यांचे फोन ओसरीवर एका जागी लावा, बापाचाही. २००२ च्या समितीने उघड्या जागेचे जे सांगितले ते आपल्या घरातही चालते.

दुसरे, पाळत आणि लक्ष यांत फरक करा. कपाशीत आपण आठवड्याला एकदा वीस झाडे बघतो, प्रत्येक पान उपटून बघत नाही. पोर अचानक गप्प झाले, फोन वाजला की दचकते, जेवण सोडले, पैसे मागू लागले, की जवळ बसा. चोरून फोन उघडू नका. एकदा विश्वास गेला की पुढची अळी दिसणारच नाही.

तिसरे, खात्याला कुलूप. इन्स्टाग्रामने फेब्रुवारी २०२५ मध्ये भारतात किशोरांसाठी वेगळी खाती आणली. ती आधीपासूनच अनोळख्यांना बंद असतात, आणि १६ वर्षांखालच्या मुलाला ती बंधने सैल करायला आईबापाची परवानगी लागते. पण हे सगळे खरे वय टाकले तरच. म्हणून वय खोटे टाकलेले असेल तर पोराला न रागावता दुरुस्त करून घ्या.

चौथे, घडलेच तर काय करायचे. फोन फोडू नका, काही पुसू नका. खात्याचे नाव, दुवा, तारीख, धमकीचे निरोप तसेच राहू द्या. ते अश्लील चित्र मात्र कोणालाही, नातेवाइकालाही, पुढे पाठवू नका. फोनमध्येच पोलिसांना दाखवा. धमकी देणाऱ्याला पैसे देऊ नका, आणखी फोटो देऊ नका. एकदा दिले की मागणी थांबत नाही. मुलांसाठी १०९८ हा क्रमांक आहे. पैसे गेले असतील तर लगेच १९३०. राष्ट्रीय सायबर गुन्हे संकेतस्थळावर घरबसल्या तक्रार करता येते. 'टेक इट डाउन' नावाची सेवा २०२३ पासून आहे. तिथे चित्र पाठवावे लागत नाही. त्याचा अंकी ठसा फोनमध्येच तयार होतो, आणि या सेवेत सामील असलेल्या कंपन्या त्यावरून चित्र शोधून काढून टाकतात.

पाचवे, पोलिसांपुढे उभे राहायचे ते हक्काने. गुन्हा कोणत्याही ठाण्यात नोंदवता येतो, हद्दीचे कारण चालत नाही. पोक्सोखाली मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या जागी घ्यायचा, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, आणि गणवेश न घालता. मुलाला रात्री ठाण्यात ठेवता येत नाही. मुलाची ओळख छापणे हा गुन्हा आहे, म्हणून आपणही बैठकीत नाव घ्यायचे नाही. आणि असा गुन्हा माहीत असून न कळवणे हाही पोक्सोत गुन्हा आहे. 'गावात मिटवून टाकू' म्हणणाऱ्या पाटील, सरपंच, मास्तर सगळ्यांना हे सांगा. आई एकटी गेली तर ऐकवले जाते. दहा बाया बरोबर गेल्या तर ऐकून घेतले जाते.

सहावे काम चळवळीचे. आपली मागणी नेमकी असू द्या. वय तपासण्याची जबाबदारी कंपनीवर. तक्रार मराठीत करता आली पाहिजे आणि उत्तर माणसाने दिले पाहिजे. मुलांच्या तक्रारी किती आल्या आणि किती दिवसांत निकालात काढल्या, हे जिल्हावार जाहीर झाले पाहिजे. आणि संमतीचा अंगठा दाखवून कंपनीला सुटता येऊ नये. स्वातंत्र्य मागणारी आपली चळवळ आहे. व्यापाराचे स्वातंत्र्य आपणही मागतो. पण नासका माल विकला तर नुकसान भरून दे, हे त्या स्वातंत्र्यातच आले.

त्या पोरीचे पुढे काय झाले, हे विचारल्याशिवाय तुम्ही मला सोडणार नाही. गावातल्या बाया आईबरोबर पुन्हा गेल्या. तक्रार लिहून घेतली गेली. मावसबहिणीच्या फोनमध्ये थोडे निरोप होते, त्यांचा आधार झाला. खोटे खाते बंद झाले. ते उघडणारा माणूस अजून सापडलेला नाही. बापाशी मी दोनदा बोललो. पहिल्या वेळी तो उठून गेला. दुसऱ्या वेळी बराच वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "भाऊ, मला भीती वाटली हो." स्थळे बघणे थांबले आहे. पोर शाळेत जाते, पण गावच्या शेअर रिक्षातून जात नाही, चुलतभावाच्या गाडीवर जाते. तिने दहावीचा फॉर्म भरला आहे.

ती मोठी झाली की नायगावच्या मैदानावर भरतीला धावायचे, असे म्हणते. तिच्या खिशात फोन असेलच. तोवर माळ्यावर कोण कोण राखणीला बसले आहे, याचा हिशोब प्रत्येक जिल्ह्याने पुढच्या बैठकीत द्यायचा आहे.